लस का संपली? समाविष्ट गावातल्या एका दवाखान्याचे प्रकरण

महापालिकेच्या दवाखान्याच्या खिडकीवर ‘रेबीजची लस शिल्लक नाही, ससूनला जावे’ अशी चिठ्ठी लागली की लोक लसीबद्दल तक्रार करतात. वरून उत्तर येते, साठा पाठवला आहे. चार-आठ दिवस लस मिळते, मग पुन्हा तीच चिठ्ठी. खरेदी झालेली असते, मागणीपत्र वेळेवर गेलेले असते, फ्रिजचे तापमान २ ते ८ अंशांत असते, आणि तरीही महिन्याचा साठा आठवड्यात उडतो. असे वारंवार होत असेल तर एकट्या लसीच्या नोंदवहीत डोके घालून काही हाती लागत नाही. तिच्या शेजारी परिचारिकांचे हजेरीपत्रक आणि ठेकेदाराचे बिल ठेवावे लागते.

इथे मांडलेले प्रकरण कोणा एका दवाखान्याचे नाही. पुणे महापालिकेत २०१७ साली ११ आणि २०२१ साली २३ गावे आली. लोकसंख्या झपाट्याने वाढली, दवाखाने आणि माणसे त्या वेगाने वाढली नाहीत. त्या पट्ट्यातल्या छोट्या दवाखान्यात जे घडू शकते ते एका जागी आणून हे नमुना प्रकरण रचले आहे. रुग्णसंख्या, पदे आणि तारखा हिशेब कळावा म्हणून धरल्या आहेत. कायदे, मुदती, औषधाच्या मात्रा आणि शुल्क मात्र आहेत तसेच.

कागदावर एकही जागा रिकामी नाही

दवाखान्यात वैद्यकीय अधिकाऱ्याचे एक, परिचारिकांची तीन आणि औषधनिर्मात्याचे एक पद मंजूर आहे. आस्थापनेच्या तक्त्यात पाचही पदे ‘भरलेली’ दिसतात. प्रत्यक्षात वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे शेजारच्या दवाखान्याचा अतिरिक्त पदभार आहे, म्हणून ते इथे आठवड्यातून तीन दिवस असतात. तीनपैकी एक परिचारिका कायम सेवेतली. तिचा पगार याच दवाखान्यातून निघतो, पण तिला दोन वर्षांपासून तोंडी आदेशाने दुसऱ्या रुग्णालयात कामाला लावले आहे. उरलेल्या दोघी ठेकेदारामार्फत आलेल्या.

म्हणून रिक्त पदांची माहिती मागितली की ‘निरंक’ असे उत्तर येते, आणि ते खोटेही नसते. प्रश्नच चुकलेला असतो. मंजूर, भरलेली आणि रिक्त एवढे तीन रकाने पुरत नाहीत. चौथा रकाना लागतो: पगार इथून निघतो, पण प्रत्यक्ष काम कुठे, आणि तिथे पाठवणारा आदेश क्रमांक कोणता. तोंडी आदेशाला क्रमांक नसतो. तो रकाना कोरा आला की तेच उत्तर समजावे.

एक परिचारिका गेली आणि लस चौपट लागू लागली

कुत्रा चावल्यानंतरची लस दोन प्रकारे देता येते. पहिली पद्धत त्वचेत देण्याची, दवाखान्यात तिला ‘आयडी’ म्हणतात. दोन्ही दंडांवर ०.१ मिलि याप्रमाणे एका खेपेला ०.२ मिलि, आणि खेपा चार: पहिला दिवस शून्य धरून ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. दुसरी पद्धत स्नायूत देण्याची, म्हणजे ‘आयएम’. तिच्यात एका खेपेला अख्खी कुपी जाते आणि खेपा पाच: ०, ३, ७, १४ आणि २८.

आयडीला सरावलेला हात लागतो. इन्सुलिनच्या बारीक सिरिंजची सुई त्वचेला जवळजवळ समांतर ठेवून आत सरकवायची, आणि औषध गेले की तिथे संत्र्याच्या सालीसारखा बारीक खड्ड्यांचा फुगवटा उठला पाहिजे. फुगवटा आला नाही तर औषध त्वचेखाली गेले. तो डोस शेजारच्या जागी पुन्हा द्यावा लागतो. शिवाय उघडलेली कुपी त्याच दिवशी, सहा ते आठ तासांत संपवायची असते. म्हणून चावलेल्या रुग्णांना ठरावीक वेळी एकत्र बोलवावे लागते. प्रशिक्षण घेतलेली, रोज तीच वेळ सांभाळणारी परिचारिका असेल तरच हे जमते.

आता हिशेब पाहू. रोज २० रुग्ण, कुपी १ मिलिची. एका कुपीत आयडीने पाच जणांचा डोस निघतो, वाया जाणारे धरले तर चार. म्हणजे रोज साधारण पाच कुप्या. दवाखान्याचे मागणीपत्र याच हिशेबाने जाते: ३० दिवसांच्या १५० कुप्या. आयडीचे प्रशिक्षण घेतलेली ठेक्यावरची परिचारिका काम सोडून गेली आणि तिच्या जागी आलेल्या मुलीला ते प्रशिक्षण नाही. ती आयएम देते, कारण तेच तिला येते, आणि रुग्णाच्या दृष्टीने ते बरोबरही आहे. पण आता रोज २० कुप्या लागतात. १५० कुप्या साडेसात दिवसांत संपतात. आठव्या दिवशी खिडकीवर चिठ्ठी.

साठ्याची नोंदवही आणि श्वानदंशाची नोंदवही शेजारी ठेवली की हे डोळ्यांनी दिसते. १५ तारखेला रुग्ण २१, कुप्या ५. १७ तारखेला रुग्ण १९, कुप्या ५. १८ तारखेला रुग्ण २०, कुप्या २०. ज्या तारखेला हा आकडा उडी मारतो ती तारीख हजेरीपत्रकात शोधायची. परिचारिकेच्या नावापुढच्या सह्या तिथेच थांबलेल्या असतात.

ती सोडून का गेली

तिचा पगार तीन महिने थकला होता. ठेकेदार म्हणतो, महापालिकेने बिल काढले नाही. लेखा विभाग म्हणतो, ठेकेदाराने पीएफचे चलन जोडले नाही. दोघांचेही खरे आहे, आणि गाठ नेमकी इथेच आहे.

निविदेतली अट अशी: ज्या महिन्याचे बिल, त्याच महिन्याचे पीएफ आणि ईएसआयचे, म्हणजे कामगार विम्याचे, चलन सोबत हवे. ही दोन्ही चलने भरण्याची मुदत पुढच्या महिन्याची १५ तारीख. म्हणजे एप्रिलचे बिल १५ मेच्या आधी पूर्ण होण्याची सक्ती कुणावरच नाही. त्यात हजेरी प्रमाणित करणारे वैद्यकीय अधिकारी दोन दवाखान्यांत विभागलेले, त्यामुळे १ तारखेला व्हायची सही ८-९ तारखेला होते. मग क्षेत्रीय कार्यालय, आरोग्य विभाग, लेखा विभाग. प्रत्येक टेबलावर एक त्रुटी, प्रत्येक त्रुटीला आठवडा. छोटा ठेकेदार हातातले पैसे संपल्यावर बिल निघेपर्यंत पगार करत नाही, पगार केला नाही म्हणून पीएफ भरत नाही, आणि पीएफ भरला नाही म्हणून बिल निघत नाही.

कायद्याला हे चक्र मान्य नाही. मासिक पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत झाला पाहिजे; २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेतही हीच मुदत आहे. बिल निघाले की नाही याच्याशी या मुदतीचा संबंध नाही. ठेकेदाराने पगार केला नाही तर मुख्य मालकाने, म्हणजे इथे महापालिकेने, तो द्यायचा आणि ठेकेदाराच्या देय रकमेतून वळता करून घ्यायचा. ही तरतूद १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याच्या कलम २१ मध्ये होती आणि नव्या संहितेनेही ठेवली आहे. ठेकेदाराची सुरक्षा ठेव महापालिकेकडे असते ती अशाच वेळेसाठी. त्यामुळे ‘तो तुमचा आणि ठेकेदाराचा विषय आहे’ असे सांगून परिचारिकेला परत पाठवण्याचा अधिकार कोणत्याही अधिकाऱ्याला नाही.

यातली सगळ्यात वाईट गोष्ट हिशेबाच्या वहीत दडलेली आहे. परिचारिका नसेल त्या दिवसाचे पैसे ठेकेदाराच्या बिलातून कापले जातात. म्हणजे जागा रिकामी राहिली की आरोग्य विभागाचा खर्च कमी दिसतो, आणि आयएममुळे चौपट गेलेल्या लसीचा खर्च औषधांच्या वेगळ्या अर्थशीर्षावर पडतो. एका वहीत बचत, दुसऱ्या वहीत तुटवडा, आणि दोन्ही वह्या एकत्र कोणी पाहत नाही. लेखापरीक्षणालाही यात गैर सापडत नाही, कारण प्रत्येक कुपीची नोंद आहे आणि प्रत्येक गैरहजेरीची कपात आहे.

कुणाला धरायचे

पुण्यात सरकारी आरोग्यसेवा म्हणजे एकच यंत्रणा नव्हे, आणि तक्रार चुकीच्या दारी गेली की दोन महिने वाया जातात. ससून राज्याच्या वैद्यकीय शिक्षण विभागाकडे आहे. औंधचे जिल्हा रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाकडे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याने उपचार नि:शुल्क केले ते या दुसऱ्या विभागाच्या रुग्णालयांत. ससूनला आणि महापालिकेच्या रुग्णालयांना तो निर्णय लागू नव्हता. कमला नेहरू, डॉ. नायडू आणि शहरभरचे दवाखाने महापालिकेचे. समाविष्ट गावांत याशिवाय जिल्हा परिषदेच्या जुन्या आरोग्य केंद्रांची इमारत आणि कर्मचारी हस्तांतरित झाले का, हा प्रश्न असतो. हस्तांतराचा आदेश आणि सोबतची यादी मागितल्याशिवाय त्या केंद्राबद्दल पुढे जाऊ नये.

महापालिकेपुरते बोलायचे तर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कलम ६३ मध्ये महापालिकेची बंधनकारक कर्तव्ये आहेत आणि सार्वजनिक दवाखाने त्यात येतात. माणसे भरण्याचा विषय निघाला की आयुक्तांचे कार्यालय राज्याकडे बोट दाखवते: आकृतिबंध, म्हणजे कोणती किती पदे याचा तक्ता, नगरविकास विभाग मंजूर करतो आणि आस्थापना खर्च, म्हणजे कर्मचाऱ्यांवरचा खर्च, ३५ टक्क्यांच्या आत ठेवण्याची अट घालतो. नव्या पदांबाबत ही अडचण खरी आहे. पण या प्रकरणात नवे पद कुणी मागतच नाही. अतिरिक्त पदभार काढणे, तोंडी आदेशावर गेलेली परिचारिका परत आणणे आणि ठेक्यावरच्या दोघींचा पगार वेळेवर करणे, या तिन्ही गोष्टी आयुक्तांच्या सहीने होतात. आयुक्तांना द्यायच्या निवेदनात नव्या पदांची मागणी मिसळू नये. ती मिसळली की सगळी फाईल मुंबईला जाते आणि इथले कुणी उत्तर द्यायला बांधील राहत नाही.

मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढे जवळजवळ चार वर्षे प्रशासकाचा कारभार होता. त्या काळात मुख्य सभेत लेखी प्रश्न विचारायला कुणी नव्हते. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीनंतर तो मार्ग पुन्हा खुला झाला आहे. मात्र नगरसेवकाच्या हातात ‘लस का नाही’ एवढाच प्रश्न देऊ नये. दोन नोंदवह्यांच्या प्रती आणि उडीची तारीख द्यावी.

कागद कसे मिळवायचे

महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे माहिती अधिकाराचा अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर हवा. त्यामुळे ही साखळी एका अर्जात मागता येत नाही. तीन अर्ज करावेत: पदे, पगार, लस. प्रत्येकाला १० रुपयांचे कोर्ट फी तिकीट. ‘का’ असा प्रश्न विचारू नये. माहिती अधिकारात कारणे मिळत नाहीत, कागद मिळतात. पगाराच्या अर्जाची भाषा साधारण अशी ठेवावी:

‘अमुक दवाखान्यात बाह्यस्रोताने नेमलेल्या परिचारिकांबाबत अमुक ते अमुक या कालावधीतील पुढील कागदपत्रांच्या साक्षांकित प्रती द्याव्यात: १) महिनावार प्रमाणित हजेरीपत्रक, २) ठेकेदाराची बिले व ती प्रत्येक टेबलावर आल्या-गेल्याच्या तारखा दाखवणारी नोंद, ३) बिलांवर काढलेल्या त्रुटींची पत्रे, ४) पीएफ व ईएसआयची चलने आणि सोबतच्या कामगारनिहाय याद्या, ५) पगार जमा झाल्याचे बँकेचे विवरण, ६) निविदेतील वेतन, दंड आणि सुरक्षा ठेवीच्या अटी. कर्मचाऱ्यांची नावे, खाते क्रमांक झाकून द्यावेत.’

शेवटचे वाक्य महत्त्वाचे आहे. ते नसेल तर व्यक्तिगत माहितीचे कारण देऊन पूर्ण नकार येतो. ते असेल तर कलम १० प्रमाणे झाकायचे ते झाकून उरलेले द्यावे लागते. दुसऱ्या क्रमांकाचा कागद, म्हणजे बिलाचा प्रवास, सर्वांत मोलाचा. कोणत्या टेबलावर किती दिवस हे त्यावरूनच ठरते.

उत्तराची मुदत ३० दिवस. विषय दुसऱ्या कार्यालयाचा असेल तर अर्ज पाच दिवसांत तिकडे वर्ग करायचा असतो. उत्तर आले नाही किंवा अर्धवट आले तर ३० दिवसांत पहिले अपील, शुल्क २० रुपये. त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे दुसरे अपील. तिथे सुनावणीला बराच काळ लागतो, म्हणून पहिल्या अपिलाच्या सुनावणीला स्वतः हजर राहावे आणि कोणता कागद मिळाला नाही ते क्रमांकाने सांगावे. विनाकारण उशीर करणाऱ्या माहिती अधिकाऱ्याला रोज २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड आयोग लावू शकतो.

लसीच्या नोंदवह्यांसाठी मात्र अर्जाची वाट पाहू नये. दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात नागरिकांना अभिलेख पाहू देण्याची पद्धत पुणे महापालिकेने आधी सुरू केली, आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्याने परिपत्रक काढून ती इतरत्र लागू केली. आदल्या आठवड्यात कोणती नोंदवही पाहायची ते लेखी कळवावे आणि आवक क्रमांक घ्यावा. गेल्यावर श्वानदंशाची वही, साठ्याची वही आणि हजेरीपत्रक, तिन्ही एकाच तारखेपासून पाहावीत.

लोकसेवा हक्क कायद्याचा, म्हणजे २०१५ च्या अधिनियमाचा, इथे फारसा उपयोग नाही. त्याखाली अधिसूचित झालेल्या सेवा मुख्यतः दाखले आणि परवाने यांच्या आहेत. उपचार मुदतीत मिळण्याचा हक्क त्यात नाही, आणि ही उणीव आमदारांपुढे मांडण्यासारखी आहे.

पगाराचा दावा

परिचारिकेने स्वतः दोन गोष्टी आधी तपासाव्यात. उमंग ॲपवर यूएएन, म्हणजे पीएफचा कायम क्रमांक, टाकून पीएफचे पासबुक पाहावे. पगारातून १२ टक्के कापले आणि पासबुकात आले नाहीत तर ती नुसती दिरंगाई नव्हे, कामगाराचे पैसे अडकवून ठेवणे आहे. दुसरे ईएसआय. २१,००० रुपयांपर्यंतच्या पगारावर कामगाराचे ०.७५ आणि मालकाचे ३.२५ टक्के जातात. आजारपणाचा भत्ता मिळण्यासाठी सहा महिन्यांच्या काळात ७८ दिवसांचे अंशदान लागते. चलने रखडली की दुसऱ्यांची शुश्रूषा करणारी ही बाई स्वतः आजारी पडल्यावर खेटे घालत बसते.

थकलेल्या पगाराचा दावा राज्याच्या कामगार विभागाकडे जातो, कारण महापालिकेच्या ठेक्याबाबत योग्य शासन म्हणजे राज्य शासन. वेतन संहितेप्रमाणे दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो, कामगाराच्या वतीने संघटनाही करू शकते, आणि मूळ रकमेशिवाय तिच्या दहापटीपर्यंत भरपाई देता येते. दाव्यात ठेकेदार आणि महापालिका दोघांनाही प्रतिवादी करावे. एकट्या ठेकेदाराविरुद्ध गेले आणि त्याचा ठेका संपला तर वसुलीला माणूसच सापडत नाही. नियुक्तिपत्र मिळालेले नसते, म्हणून हजेरीपत्रकाची प्रत, ड्यूटीचा तक्ता आणि बँकेच्या जुन्या नोंदी पुरावा म्हणून जोडाव्यात.

समान कामाला समान वेतनाचा मुद्दा इथे लगेच काढला जातो. सर्वोच्च न्यायालयाचा २६ ऑक्टोबर २०१६ चा जगजित सिंग निकाल तात्पुरत्या कर्मचाऱ्यांच्या बाजूने भक्कम आहे, पण ते कर्मचारी शासनानेच नेमलेले होते. ठेकेदारामार्फत आलेल्यांना खरा मालक कोण हे आधी सिद्ध करावे लागते. थकीत पगाराच्या साध्या दाव्यात हा मोठा वाद मिसळला तर तीन महिन्यांचा पगार तीन वर्षे लांबतो. तो लढा वेगळा द्यावा.

दरम्यान रुग्णाचे काय

रेबीजची लक्षणे दिसू लागली की जीव वाचत नाही, त्यामुळे फाईल हलेपर्यंत थांबता येत नाही. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवायची, आणि लस मिळेल त्या सरकारी रुग्णालयात त्याच दिवशी जायचे. रक्त आलेल्या जखमेत लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडे, लागते. ते जखमेत आणि तिच्या भोवती देतात, आणि पहिल्या दिवशी मिळाले नाही तर लसीच्या पहिल्या डोसनंतर सातव्या दिवसापर्यंत देता येते. छोट्या दवाखान्यात ते बहुधा नसते. आयडीने सुरू केलेला कोर्स दुसरीकडे नाइलाजाने आयएमने पुरा करावा लागला तरी चालतो, पहिल्यापासून सुरू करावा लागत नाही. त्यासाठी कार्डावर तारीख, लसीचे नाव आणि पद्धत लिहून घ्यावी.

‘लस नाही’ हे तोंडी ऐकून निघू नये. केसपेपरवर तसा शेरा आणि कुठे पाठवले ते लिहून मागावे. १९९६ च्या पश्चिम बंग खेत मजदूर समिती खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सरकारी रुग्णालयाने तातडीचे उपचार नाकारणे हा अनुच्छेद २१ चा भंग ठरवला, पैशाची चणचण ही सबब मानली नाही आणि रुग्णाला २५,००० रुपये भरपाई दिली. तिथे रुग्ण कोणत्या रुग्णालयांतून परत पाठवला गेला याच्या नोंदी होत्या. शेरा नसलेल्या केसपेपरवर असा खटला उभा राहत नाही. पुण्याचे असे प्रकरण उच्च न्यायालयाच्या मुंबईतल्या मुख्य पीठाकडेच जाते. ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालेल्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचच्या सहा जिल्ह्यांत पुणे नाही.

पुढच्या निविदेत काय बदलायचे

ठेक्याची मुदत मार्चअखेर संपणार असेल तर नव्या निविदेचा मसुदा हिवाळ्यातच तयार होतो. हरकती तेव्हाच द्याव्यात. प्रसिद्ध झालेल्या निविदेत अटी बदलणे फार अवघड. बिलासोबत चालू महिन्याचे नव्हे, मागच्या महिन्याचे पीएफ-ईएसआय चलन मागावे, म्हणजे बिल १ तारखेलाच दाखल करता येते. हजेरी प्रमाणित करण्याचा अधिकार वैद्यकीय अधिकारी नसतील त्या दिवशी औषधनिर्मात्याला लेखी द्यावा. ७ तारखेला पगार झाला नाही तर १० तारखेला महापालिकेने सुरक्षा ठेवीतून थेट खात्यात भरावा. किमान वेतनाचा विशेष भत्ता दर जानेवारी आणि जुलैमध्ये बदलतो, तो फरक आपोआप धरला जावा. नाहीतर ठेकेदार तो पगारातून काढतो. गैरहजेरीच्या कपातीइतकी रक्कम त्याच दवाखान्यात बदली परिचारिका आणण्यासाठी राखून ठेवावी. आणि लसीकरणाच्या दवाखान्यातल्या प्रत्येक परिचारिकेला, कायम असो वा ठेक्यावरची, रुजू झाल्यापासून पंधरा दिवसांत आयडीचे प्रशिक्षण द्यावे. ते होईपर्यंत त्या दवाखान्याचे मागणीपत्र आयएमच्या हिशेबाने, म्हणजे महिन्याला १५० नव्हे तर ६०० कुप्यांचे जावे.